कोकणात राहून ऑनलाइन मेकॅनिकल घड्याळ घेताना

लाख-दीड लाखाचं घड्याळ फोनवरून मागवताना बहुतेकांचं लक्ष ब्रँड आणि डायलच्या रंगावरच असतं. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याकडं राहणाऱ्यानं त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: घड्याळात दमट हवा शिरणार नाही याची खात्री आणि ते बिघडलं तर न्यायचं कुठं.

मागच्या झाकणावरचा ३० मीटर हा पाणी न शिरण्याच्या क्षमतेचा आकडा हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरताच समजा. पावसाळ्यात दुचाकीवर रोज ये-जा असेल तर किमान १०० मीटर आणि फिरवून घट्ट बसणारा क्राउन (किल्ली द्यायची बाजूची गोल कळ) हवा. तारकर्लीला समुद्रात उतरणार असाल तर आयएसओ ६४२५ या पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीच्या मानकाचं डायव्हर घड्याळच घ्या. घड्याळांत वापरलं जाणारं ३१६एल स्टील गंजत नाही हे अर्धसत्य आहे. झाकण आणि केस (घड्याळाचं धातूचं कवच) यांच्यातल्या फटीत खारं पाणी साचून राहिलं की तिथं प्राणवायू पोचत नाही, स्टीलवरचा संरक्षक थर पुन्हा धरत नाही आणि मीठ बारीक खड्डे पाडतं. मग पाणी अडवणारी नवी रबरी गॅस्केट (कडी) टाकली तरी ती नीट बसत नाही. टायटॅनियम इथं जास्त टिकतं. ब्राँझचं केस महिन्याभरात हिरवट-काळं पडू शकतं, तो रंग आवडत असेल तरच घ्या. चामड्याच्या पट्ट्याला श्रावणापर्यंत बुरशी येते, म्हणून स्टीलचा ब्रेसलेट किंवा रबरी पट्टा निवडा.

मापाला फार वेळ लागत नाही. मनगटाचा वरचा सपाट भाग पट्टीनं मोजा आणि घड्याळाचं लग-टू-लग अंतर (पट्टा अडकवायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत) त्यापेक्षा कमी आहे ना ते पाहा. नुसता ४० मिलिमीटर व्यास बघून फसायला होतं.

खरा वेळ विक्रेत्यावर घालवा. ब्रँडच्या वेबसाइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते, तिथून सुरुवात करा. रोलेक्स स्वतः घड्याळं ऑनलाइन विकत नाही, तेव्हा कंपनीच्या नावानं थेट विक्री दाखवणारी साइट दिसली की बंद करा. ग्रे मार्केटचं, म्हणजे अधिकृत विक्रेत्याबाहेरून आलेलं, घड्याळ अस्सल असू शकतं, पण कार्डावर अधिकृत विक्रेत्याचा शिक्का आणि तारीख नसेल तर कंपनीची वॉरंटी सहसा मिळत नाही. परदेशातून मागवलं तर सीमाशुल्क आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) वर पडतो आणि कुरिअर केवायसी मागतं, हे धरूनच किमतीची तुलना करा. १० लाखांपेक्षा महाग घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतो. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो.

वापरलेलं घेत असाल तर जास्त कडक व्हा. तिरप्या उजेडातले फोटो मागा: काट्यांची मुळं, तारखेच्या खिडकीची कड, लगच्या मधली जागा. झाकण उघडून मशीनचा फोटो हवाच. स्क्रूच्या डोक्यावर तांबूस ठिपका दिसला तर आत पाणी जाऊन आलंय, मग किंमत कितीही उतरवली तरी सोडून द्या. जुन्या फाव्र-लूबा, वेस्ट एंडसारख्या घड्याळांची डायल अनेकदा नव्यानं रंगवलेली असते. अक्षरांच्या कडा जाड आणि मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळत नसतील तर ते ओळखू येतं.

टाइमग्राफरचा, म्हणजे मशीनची चाल मोजणाऱ्या यंत्राचा, फोटोही मागा. पूर्ण किल्ली दिल्यावर डायल वर ठेवून अँप्लिट्यूड (आतलं चक्र किती झोका घेतं ते) २७० ते ३१० अंश असावा, बीट एरर (टिक आणि टॉकमधला फरक) १ मिलिसेकंदाच्या आत. अँप्लिट्यूड २२० च्या खाली असेल तर सर्व्हिसचा खर्च तुमच्या माथी येणार. यंत्रात मशीनप्रमाणे भरायचा लिफ्ट अँगल चुकीचा टाकला तर अँप्लिट्यूडही चुकीचाच दिसतो, म्हणून तो किती ठेवला हे विचारा. बऱ्याच मशीनचा ५० ते ५३ अंशांत असतो.

पैसे कार्डानं किंवा एस्क्रोनं (माल मिळेपर्यंत पैसे तिसऱ्याकडं राहतात) द्या. यूपीआयवर आगाऊ भरायला लावणाऱ्याला नकार द्या. खेडेगावात पार्सल नाक्यावर किंवा शेजारच्या दुकानात ठेवून जाण्याची पद्धत आहे, ती इथं चालणार नाही. कुडाळ, चिपळूणसारख्या मोठ्या ठिकाणचा कुरिअर ऑफिसचा पत्ता देऊन स्वतः उचला. पूर्ण किमतीचा विमा आहे का ते आधी लेखी घ्या. खोक्याचं सील तोडण्यापासून व्हिडिओ काढा आणि सीरियल नंबर कार्डाशी जुळवा.

घरी आल्यावर परतीची मुदत संपायच्या आत तपासणी उरका. ४० वेळा किल्ली द्या, नेटवरच्या वेळेशी लावा आणि २४ तासांनी फरक बघा. सीओएससी या स्विस चाचणी संस्थेनं प्रमाणित केलेलं मशीन दिवसाला -४ ते +६ सेकंदांत असावं. एकदम मिनिटभर पुढं धावत असेल तर चुंबकाचा संशय घ्या. होकायंत्राची सुई जवळ नेल्यावर हलली तर दुरुस्तीवाल्याकडं डिमॅग्नेटाइझ करून (चुंबकत्व काढून) घ्या. फोनचं चुंबकी कव्हर हे नेहमीचं कारण. रात्री ९ ते ३ च्या दरम्यान तारीख हातानं बदलू नका, गिअर अडकून दात तुटू शकतो. क्राउन बसवताना आधी उलटा फिरवा, आटे जुळल्याची हलकी टिक जाणवली की मग घट्ट करा. आटे एकदा चुकीचे चढले की नळीसकट बदलावं लागतं.

काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवून पुसा. आतून वाफ धरलेली दिसली तर लगेच परत करा. वाळत घालायचे प्रयोग करू नका, आत तेल आणि बारीक स्टील असतं.

समुद्रावरून आल्यावर क्राउन घट्ट आहे ना ते पाहून गोड्या पाण्याखाली धुवा. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, प्रेशर टेस्ट करून गॅस्केट तपासा. हे काम गावातल्या घड्याळवाल्याकडं यंत्र असल्याशिवाय देऊ नका. मुंबई-पुण्याच्या फेरीत अधिकृत सर्व्हिस सेंटरला टाका आणि पावती वॉरंटी कार्डासोबत जपून ठेवा.