आधी वही, मग कॅमेरा

गेल्या खेपेला आमच्या दोन दिवसांच्या परिषदेतली ३४ भाषणं रेकॉर्ड झाली आणि त्यातली ५ आजही ऑनलाइन संग्रहात ‘वक्ता: अज्ञात’ म्हणून पडून आहेत. पाचही जण याच सोलापुरातले, त्यांच्याबरोबर मी चहा प्यायलोय. यंदा भाषणं रेकॉर्ड करून संग्रहात चढवायचं काम जो कुणी अंगावर घेईल त्याने एवढं वाचून मग घ्यावं.

सगळ्यात आधी वही. साधी, आखीव, दोनशे पानी. वक्ता मंचावर चढण्याआधी त्याने स्वतःच्या हाताने तिच्यात लिहायचं: देवनागरीत नाव, खाली इंग्रजी स्पेलिंग, विषय, फोन. तुम्ही ऐकून लिहू नका. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही घरांतली आडनावं इथे येतात. गड्डम की गद्दम हे कानाला कळत नाही, आणि एकदा चुकीचं चढलं की शोधणाऱ्याला ते भाषण सापडतच नाही. ‘कार्यक्रमपत्रिका छापलीय की’ असं कुणीतरी म्हणेलच. आमच्याही पत्रिकेतले तिघं आले नाहीत आणि त्यांच्या जागी ऐनवेळी बोलले ते पत्रिकेत नव्हते. त्यातलेच एक आजोबा. पिशवीतून जकार्डचे, म्हणजे नक्षी विणायच्या मागाचे, भोकं पाडलेले पुठ्ठे काढून त्यांनी उजेडासमोर धरले आणि चादरीवरचं फूल या भोकांतून कसं उतरतं ते वीस मिनिटं सांगितलं. मग म्हणाले, तुमचा कॉम्प्युटरबी आधी असल्याच पुठ्ठ्यांवर चालत होता. जकार्डचा माग १८०४ सालातला, कॉम्प्युटरच्या पंच कार्डाची कल्पना तिथूनच आलेली, तेव्हा आजोबा बरोबर होते. अख्ख्या परिषदेतलं सगळ्यात चांगलं भाषण ते. फाइलचं नाव ‘एमव्हीआय ००२७’.

तारीख संक्रांतीच्या आसपास धरू नका, गड्ड्याच्या यात्रेत अर्धे कार्यकर्ते तिकडेच असतात. मे महिना तर नकोच. चाळीसच्या वर पारा असताना पंखे बंद करा म्हणायची कुणाची छाती नाही, आणि पंख्याखालचा माइक नुसता घोंगावतो. कॉलर माइक घ्या, वक्त्याच्या छातीपाशी लावा आणि हेडफोन घालून आधी एकदा ऐका. बॅटऱ्या, एक्स्टेन्शन बोर्ड, चिकटपट्टी हे सांगायला नको.

मेमरी कार्डाचं मात्र सांगतो. बरेच कॅमेरे ४ जीबी झाले की फाइल तोडून पुढची नवी सुरू करतात. आमच्याकडे एकाने पहिला तुकडा तेवढा कॉपी केला आणि कार्ड पुसून टाकलं. रात्री दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, कितीही झोप आलेली असो. आणि कॉपी करतानाच फाइलला नाव द्या: आधी वर्ष-महिना-दिवस, मग सत्राचा क्रमांक, मग वक्ता. वक्ता कुठून आणणार? वहीतून.

परवानगी. रेकॉर्डिंग आपण केलं म्हणून भाषण आपलं होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे जाहीर भाषणाचा पहिला हक्क बोलणाऱ्याचा. तो दुसऱ्या कुणाच्या वतीने बोलत असेल तर त्या दुसऱ्याचा. म्हणून वहीतच एक रकाना आणि सही: ऑनलाइन ठेवायला हरकत नाही, अमुक परवान्याखाली. आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘श्रेय द्या, मग खुशाल वापरा’ हा परवाना घेतला होता. श्रेय द्यायची अट, आणि आमच्याकडे नावच नाही! लोक हसले, हसणारच. वही, वही, वही.

स्लाइड त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर घ्या. ‘घरी जाऊन मेल करतो’ म्हणणाऱ्यांपैकी कुणी करत नाही. इथे अजून पुष्कळांच्या स्लाइड श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतात. दुसऱ्या मशीनवर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात आणि शोधात एक शब्द सापडत नाही. पीडीएफ करून ठेवा, आणि निदान शीर्षक व चार ओळींचा सारांश युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा अक्षरांत, नव्याने टाइप करा. कंटाळवाणं आहे, पण संग्रहात लोक शोधतात ते याच चार ओळींवरून.

चढवणं. यूट्यूबवर फोन नंबरने खातं पडताळून घेतल्याशिवाय १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ जात नाही, ते आधीच उरका. खातं कुणा एकाच्या खाजगी मेलवर उघडू नका, तो पुण्याला नोकरीला गेला की बसा. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावरही एक प्रत टाका. मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. वक्त्यांची वेगळी यादी, प्रत्येक नावाखाली त्याची भाषणं. उपशीर्षकं जमली तर. वक्त्याला लिंक पाठवा, चूक तोच दाखवतो.

हां, वहीला पेन दोरीने बांधा, बँकेत असतं तसं. गेल्या वेळी वही होती, पहिल्या दिवशी दुपारी पेन गेलं.