'छान झालंय'च्या पुढचा फीडबॅक काढायचा कसा

इन्फोग्राफिकच्या, म्हणजे आकडेवारी चित्रातून मांडण्याच्या, कामात नव्याने उतरलेल्यांना मी एक गोष्ट आधी सांगते: मित्रांना ड्राफ्ट दाखवून 'कसं वाटलं?' असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं. 'छान झालंय, फक्त तो निळा जरा गडद वाटतोय.' मग आपण निळा फिका करतो आणि फीडबॅक घेतल्याचं समाधान मानतो. त्यापेक्षा चित्र समोर ठेवायचं आणि म्हणायचं, 'यातून तुला काय कळलं ते मोठ्याने सांग.' त्यानंतर आपण तोंड बंद ठेवायचं. हेच जास्त अवघड आहे, कारण समोरचा चुकीचं वाचायला लागला की 'अरे, तसं नाही, हे बघ' असं हमखास ओठांवर येतं. पण छापलेल्या पानासोबत आपण वाचकाच्या घरी जाणार नसतो.

शिकत असताना मी २०१४ च्या लोकसभा निवडणुकीवर पानभर इन्फोग्राफिक केलं होतं. विषय एवढाच की मतं किती पडली आणि जागा किती आल्या. भाजपला ३१ टक्के मतं आणि ५४३ पैकी २८२ जागा, काँग्रेसला १९.३ टक्के मतं आणि ४४ जागा. बॅचमधल्या मंडळींच्या हाताखालून गेल्यावर ते पान जवळजवळ नव्याने उभं राहिलं, म्हणून उदाहरणाला तेच घेते.

पहिल्या ड्राफ्टमध्ये जागा वर्तुळांनी दाखवल्या होत्या. एका मित्राने बघितलं आणि म्हणाला, 'काँग्रेसचं वर्तुळ जरा मोठं कर ना, दिसतच नाहीये.' आता ही सूचना जशीच्या तशी ऐकली तर आकडेवारीशी खोटेपणा होतो. आणि 'आकडाच लहान आहे, मी काय करू?' म्हणून झटकली तर खरा दोष तसाच राहतो. २८२ आणि ४४ यांत साधारण ६.४ पटींचा फरक आहे. मी व्यास त्या प्रमाणात घेतला होता. पण डोळा वर्तुळाचं क्षेत्रफळ बघतो, आणि ते झालं होतं एक्केचाळीस पट. व्यास अडीच पट ठेवला की क्षेत्रफळ बरोबर बसतं. मित्राला गणित सांगता आलं नव्हतं, पण काहीतरी बोचतंय हे त्याला नेमकं कळलं होतं. दुखतंय कुठे ते रुग्णाने सांगायचं, औषध वैद्याने ठरवायचं, फीडबॅकचंही तसंच.

पुढे मी वर्तुळं काढूनच टाकली आणि एका जागेला एक ठिपका असं केलं. ठिपके मोजता येतात, त्यामुळे वाद कमी होतात. पण त्यातून एक मजेदार अडचण निघाली, आणि या सगळ्या कामातला माझा सर्वांत आवडता भाग तोच.

त्या निवडणुकीत बसपाला देशभरात ४.१ टक्के मतं होती. मतांच्या हिशोबात पक्ष तिसरा. जागा शून्य. त्याच वेळी अण्णाद्रमुकला ३.३ टक्के मतं आणि ३७ जागा, कारण त्यांची मतं जवळजवळ सगळी एका तमिळनाडूत एकवटलेली होती आणि बसपाची पाचशेच्या वर मतदारसंघांत विखुरलेली. जिथे सर्वाधिक मतं मिळवणारा एकच जण निवडून येतो, तिथे असं होतं. माझ्या पानाचा सगळा अर्थ या दोन ओळींत होता. पण चित्रात बसपाच्या नावापुढे मतांची पट्टी होती आणि जागांच्या रकान्यात कोरा कागद. वाचून दाखवणारी मैत्रीण तिथे अडखळली आणि म्हणाली, 'इथे अजून भरायचंय का तुझं?'

शून्य म्हणजे काही न काढणं, असं मी धरून चालले होते. वाचकाला मात्र ती जागा राहून गेलेली वाटली. मग त्या रकान्यात एक पोकळ ठिपका काढला, आत रंग नाही, फक्त कडेची रेघ, आणि बाजूला ठळक '० जागा'. अण्णाद्रमुकची ओळ उचलून बरोबर बसपाच्या ओळीखाली आणली. त्यानंतर ज्याला दाखवावं तो आपोआप तिथेच थांबायचा. शीर्षक वाचायच्या आधी!

राज्यशास्त्र शिकणाऱ्या एकाने विचारलं, '३१ टक्के, पण कशाचे?' हा प्रश्न निवडणुकीच्या प्रत्येक चित्राला विचारावा. झालेल्या मतांपैकी 'नोटा' (म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' हा पर्याय) धरून ३१.०, 'नोटा' वगळून ३१.३. आणि मतदारयादीतल्या ८३ कोटींहून अधिक लोकांपैकी धरलं तर साडेवीस टक्क्यांच्या आसपास, कारण मतदानच ६६.४ टक्के झालं होतं. तिन्ही आकडे खरे आहेत. आपण कुठला घेतला ते चित्रातच, आकड्याला लागून लिहायचं. तळटीप कुणी वाचत नाही.

नकाशाबद्दल थोडक्यात. मतदारसंघ रंगवलेला नकाशा देखणा दिसतो, पण जमीन मत देत नाही. लडाख हा क्षेत्रफळाने देशातला सर्वांत मोठा मतदारसंघ. २०१४ मध्ये तिथला निकाल अवघ्या ३६ मतांनी लागला, तरी रंग मात्र नकाशाच्या डोक्यावर भलामोठा. दिल्लीचा चांदनी चौक शोधायला भिंग लागेल. प्रत्येक मतदारसंघाला सारखा एक षटकोन दिला की हे टळतं, पण मग वाचकाला आपलं राज्य ओळखता येत नाही. मी नकाशा काढूनच टाकला, आणि अजूनही मला वाटतं की मतं-जागांच्या विषयाला त्याची गरज नसते.

आता चित्रांकडे. वर कोपऱ्यात मी एक हात काढला होता, बोटाच्या टोकाला शाईचा ठिपका. बाजूला मतपेटी, तिच्यात बरोबरची खूण केलेला कागद सरकतोय. बॅचमधल्या कुणालाच त्यात काही खटकलं नाही. आम्ही सगळे तीच तयार आयकॉन बघून वाढलेलो. खटकलं ते एका मैत्रिणीच्या वडिलांना, जे शिक्षक आहेत आणि कित्येक निवडणुकांची ड्यूटी करून बसलेत. 'अगं, हा उजवा हात आहे,' ते म्हणाले. 'शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लावतात. आणि ठिपका नाही, नखाच्या वरच्या टोकापासून खाली पहिल्या पेरापर्यंत रेघ ओढायची.' मतपेटी तर त्या निवडणुकीत नव्हतीच, मतदान यंत्रं होती. यंत्राचं चित्र काढून नेलं तर म्हणाले, 'नोटापुढचं हे फुलीचं चिन्ह नंतर आलं. चौदा साली नुसती अक्षरं होती.' पडताळून बघितलं. चिन्ह २०१५ चं.

म्हणून फीडबॅक देणाऱ्यांत एक तरी माणूस असा हवा ज्याने ते काम प्रत्यक्ष केलंय. डिझाइनवाले मोकळी जागा, फॉन्ट, रांगा उत्तम पकडतात. बोट चुकलेलं त्यांना दिसत नाही.

रंगाचं एक सांगते. भगवा आणि हिरवा आपल्याला कितीही वेगळे वाटले, तरी लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्या माणसाला ते जवळजवळ सारखे दिसू शकतात, विशेषतः दोन्हींचा उजळपणा सारखा असेल तर. आमच्यातच असा एक जण निघाला. पक्षांचे रंग बदलणं बरं दिसत नाही, लोक त्याच रंगांनी पक्ष ओळखतात. म्हणून एक रंग गडद, दुसरा फिका केला, आणि पक्षाचं नाव रंगांच्या वेगळ्या सूचीत न ठेवता थेट ठिपक्यांशेजारी लिहिलं. पान काळं-पांढरं करून बघा. तेव्हाही वाचता आलं पाहिजे.

निवडणुकीच्या विषयात एक फीडबॅक येणारच: 'तू अमक्यांची दिसतेस.' चिडू नका आणि खुलासेही देऊ नका. शीर्षकात पक्षांची नावं आणि त्यांचे आकडे अदलाबदल करून वाक्य मोठ्याने वाचा. तेव्हा ते खवचट वाटायला लागलं, तर आधीही होतं. माझ्या शीर्षकात 'फक्त' हा शब्द होता. तो काढला आणि आकडा तसाच ठेवला.

सगळ्यांचं सगळं ऐकायचं नसतं. दोन अनोळखी माणसं एकाच ठिकाणी अडखळली तर ती जागा बदला. एकालाच काही आवडलं नसेल तर वहीत टिपा आणि पुढे चला. नाहीतर पान सर्वांना खूश करायच्या नादात बिनचेहऱ्याचं होतं.

फाइल पाठवायच्या आधी शेवटची फेरी आकड्यांची. एकाने निवडणूक आयोगाच्या अहवालातून आकडा वाचायचा, दुसऱ्याने चित्रावर बोट ठेवून होकार द्यायचा. मग उलट, चित्रावरून अहवालाकडे. आणि हे ज्याने फाइल बनवली त्याने करायचं नाही, दुसऱ्या दोघांनी करायचं.