बाकाचे सांधे आधी, तेल नंतर

उन्हापावसात राहून राखाडी पडलेला, बसलं की करकरणारा लाकडी बाक दुरुस्त करायचा असेल तर उन्हाळ्याचे शेवटचे दोन-तीन आठवडे गाठावेत. तोवर लाकूड चांगलं वाळलेलं असतं, गोंद नीट धरतो, तेल खोल मुरतं. शिवाय संध्याकाळी बाहेर बसायला मित्रमंडळी जमतच असतात, त्यांनाच कामाला लावता येतं. चौघांना हे दोन सुट्ट्यांचं काम आहे. पहिल्या दिवशी बाक उघडायचा आणि सांधे चिकटवायचे. दुसऱ्या दिवशी घासायचं आणि तेलाचा पहिला हात द्यायचा. त्यानंतर दोन-तीन संध्याकाळी एकेक तास द्यावा लागतो.

जमलेल्यांपैकी निम्म्यांना आल्या आल्या ब्रश हातात हवा असतो. तो देऊ नये. बाक मोडतो तो सांध्यात आणि पायाच्या टोकाशी. वरून चकचकीत केलेला पण सांध्यात सैल असलेला बाक एका हंगामात पुन्हा डुलायला लागतो, आणि मग सांधा उघडताना केलेलं सगळं पॉलिश खरवडलं जातं.

खालची मापं दीड मीटर लांबीच्या बाकाची आहेत. बसायच्या ५ पट्ट्या, पाठीच्या ४, प्रत्येक साधारण ७० मिमी रुंद आणि २० मिमी जाड.

टोचून बघणं

आधी स्क्रू ड्रायव्हरचं टोक घेऊन बाक टोचत फिरायचं. पायांची खालची टोकं, आडव्या दांड्या पायात शिरतात ती जागा, पट्ट्या चौकटीवर टेकतात तिथली खालची बाजू. पाणी साचतं ते इथेच. टोक एखाद-दोन मिलिमीटर रुतून थांबलं तर लाकूड ठीक आहे. पाच मिलिमीटरच्या पुढे सहज गेलं आणि भुगा निघाला तर ते कुजलंय. कुजका भाग पटाशीने निरोगी लाकूड लागेपर्यंत काढावा. पट्टीची एक तृतीयांश जाडी गेली असेल तर भरत बसू नये, पट्टीच नवी घालावी.

राखाडी रंगाला मात्र घाबरायचं कारण नाही. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू बांधून ठेवणारं द्रव्य, मोडतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर राखाडी थर उरतो. हा थर एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, घासल्यावर खालून मूळ रंग निघतो.

उघडणं

हत्यार लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक पट्टीच्या खालच्या अंगाला पटाशीच्या कोपऱ्याने आकडा कोरा. पेन्सिलचा आकडा घासताना जातो. सगळ्या पट्ट्या सारख्या दिसत असल्या तरी भोकं सारखी नसतात, आणि अदलाबदल झाली की दुसऱ्या दिवशी तासभर जुळवाजुळवीत जातो.

गंजलेला स्क्रू निघत नसेल तर आधी त्याला पाव फेरा आवळायचा, मगच सोडवायचा. गंजाची पकड अशी तुटते. तरीही हलला नाही तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर मिनिटभर धरा. धातू फुगतो, थंड होताना आकसतो आणि सुटतो. डोकंच झिजलं असेल तर स्क्रूच्या दांड्याएवढ्याच जाडीच्या, धातू कापणाऱ्या बिटने ते उडवून द्यायचं. पट्टी निघाली की उरलेला दांडा पकडीने फिरवून येतो.

जुने लोखंडी स्क्रू परत वापरू नका. सागवान किंवा ओकसारख्या लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. ओल लागली की त्याची लोखंडाशी प्रक्रिया होते आणि भोकाभोवती काळे-निळे डाग पडतात. नवे स्टेनलेस स्टीलचेच घ्या. २० मिमी पट्टीसाठी ४ मिमी जाडीचे आणि ४५ ते ५० मिमी लांबीचे पुरतात.

सांधे आणि गोंद

पट्ट्या निघाल्या की उरलेली चौकट हाताने हलवून कुठला सांधा बोलतो ते बघा. फक्त सैल सांधेच उघडायचे. घट्ट आहेत त्यांना हात लावू नये, ते उघडताना हमखास लाकूड फाटतं. सैल सांधा लाकडी हातोडीने, मध्ये एखादा जुना फळीचा तुकडा धरून, हळूहळू ठोकून सुटा करायचा.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं. आत बसणाऱ्या टोकावरचा आणि खाचेतला जुना गोंद पटाशीने पूर्ण खरवडून काढायचा, अगदी कोरं लाकूड दिसेपर्यंत. नवा गोंद लाकडाच्या छिद्रांत शिरून धरतो. जुन्या गोंदाच्या कवचावर तो नुसता बसतो आणि महिन्या-दोन महिन्यांत सुटतो.

मग गोंद न लावता सांधा जोडून बघा. हाताच्या जोराने आत गेला आणि उलटा धरल्यावर आपोआप पडला नाही, तर साधा पांढरा पण पाण्याला टिकणारा, बाहेरच्या वापराचा गोंद घ्यायला हरकत नाही. फट असेल तर टोकाच्या दोन्ही सपाट बाजूंवर विनीअरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, पट्टी चिकटवून जाडी भरून काढा. खाच झिजून वेडीवाकडी झाली असेल तर इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, वापरा. पांढरा गोंद फट भरत नाही, इपॉक्सी भरतो.

उकाड्यात पांढरा गोंद पाच-सात मिनिटांत ओढायला लागतो. म्हणून गोंदाची बाटली उघडण्याआधी सगळ्यांनी एकदा कोरडी तालीम करावी. दोघं चौकट धरतील, तिसरा आवळेल, चौथा मोजेल. लांब क्लॅम्प नसतील तर जाड दोरीचे दोन वेढे चौकटीभोवती घ्या, त्यात काठी घालून पिळत जा आणि पीळ बसला की काठी दांडीला अडकवून ठेवा. दोरीखाली कोपऱ्यांवर पुठ्ठा घाला, नाहीतर लाकडावर वळ उठतात.

आवळल्यावर दोन गोष्टी गोंद ओला असतानाच बघायच्या. पहिली, समोरासमोरच्या कोपऱ्यांतली तिरकी मापं. दोन्ही कर्णांत तीन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने दोरी जरा जास्त आवळा. दुसरी, चारही पाय सपाट फरशीवर टेकतात का. एखादा पाय उचललेला असेल तर वरून वजन ठेवून चौकट तशीच वाळू द्या. हे आज केलं नाही तर उद्या करवतीने पाय कापत बसावं लागतं, आणि पाय कापायला घेतला की बाक हमखास बुटका होतो. बाहेर ओघळलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसा. त्याचा पातळ थर जरी राहिला तरी तिथे तेल मुरत नाही आणि पांढुरका डाग कायम दिसतो.

चौकट सावलीत २४ तास तशीच ठेवायची. त्या रात्री तिच्यावर कोणी बसणार नाही, हे जमलेल्यांना आधीच बजावून ठेवा.

बाकाला फक्त दोन टोकांना पाय असतील तर गोंदकाम चालू असतानाच मध्ये सारख्या अंतरावर दोन आडव्या दांड्या वाढवा. २० मिमी जाडीच्या पट्टीला दर ५० ते ६० सेंटिमीटरवर आधार हवा. तिघं जण बसले की आधाराविना पट्टी वाकते, आणि मोडते ती बहुधा गाठीपाशी.

घासणं

इथे सगळे हात एकदम कामाला लागू शकतात. पॉलिश पेपर तीन वेगवेगळ्या नंबरांचे घ्या, ८०, १२० आणि १५०. राखाडी थर ८० ने काढायचा, त्याचे ओरखडे १२० ने आणि शेवटचा हात १५० चा. यातला मधला नंबर गाळला तर ८० चे ओरखडे तेल लागल्यावर उठून दिसतात. १८० च्या पुढे जाऊ नये, फार गुळगुळीत लाकडात तेल कमी शिरतं. घासायचं ते नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. मशीन असेल तर ते फक्त सरकवायचं, वरून दाबायचं नाही. दाबलं की गोल गोल चरे पडतात.

पट्टीच्या सगळ्या धारा दोन-तीन मिलिमीटर गोल करा. तीक्ष्ण कोपऱ्यावर तेल किंवा व्हार्निश टिकत नाही, सोलायला सुरुवात तिथूनच होते. मांडीला काचत नाही हा वरचा फायदा.

मास्क सगळ्यांनी लावावा. बाकाला फार जुना रंग असेल आणि तो कधीचा हे माहीत नसेल, तर कोरडं घासूच नका. जुन्या रंगांत शिसं असायचं आणि त्याची धूळ, विशेषतः लहान मुलांना, घातक असते. असा रंग ओला करून किंवा रंग काढायच्या जेलने काढावा.

लोखंडाचे काळे डाग घासूनही राहतात. त्यासाठी १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल, प्लास्टिकच्या बादलीत. हातमोजे आणि चष्मा घालून ब्रशने लावा, अर्ध्या तासाने भरपूर पाण्याने धुवा आणि तेल लावण्याआधी लाकूड दोन दिवस पूर्ण वाळू द्या. धुतल्याशिवाय त्यावर पॉलिश पेपर फिरवू नका, ती पूड नाकात जाऊन जळजळ होते.

तेल

व्हार्निश की तेल, यावर प्रत्येक गटात वाद होतो. व्हार्निश पहिल्या दिवशी जास्त देखणं दिसतं, पण बाहेरच्या बाकावर त्याला कुठेतरी चीर पडते, आत पाणी शिरतं आणि पापुद्रे सुटतात. मग सगळं खरवडून पहिल्यापासून सुरुवात. तेल दर वर्षी पुन्हा लावावं लागतं, पण ते अर्ध्या तासाचं काम आहे. बाहेर राहणाऱ्या बाकाला तेलच लावावं.

जवसाचं तेल घ्यायचं ते ‘डबल बॉइल्ड’, म्हणजे सुतारांचं बेलतेल. कच्च्या जवसाच्या तेलात वाळवणारे घटक नसतात, ते आठवडे चिकट राहतं. ९ पट्ट्या सगळ्या बाजूंनी आणि चौकट धरून साडेतीन चौरस मीटरच्या आसपास भरतात. तीन हातांसाठी १ लिटर तेल आणि अर्धा लिटर टर्पेंटाइन पुरेल.

पट्ट्या सुट्या असतानाच पहिला हात द्यायचा, म्हणजे खालची बाजू आणि टोकंही सुटत नाहीत. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं. सावलीत लावा, तापलेल्या लाकडावर ते वरच्या वर घट्ट होतं. २० मिनिटांनी कोरड्या सुती फडक्याने उरलेलं सगळं पुसून घ्या, फडकं जवळजवळ कोरडं निघेपर्यंत. ‘राहू दे की, अजून मुरेल’ म्हणून सोडलेलं तेल मुरत नाही, त्याची चिकट साय धरते आणि तिच्यावर धूळ आणि किडे बसतात. पुढचे दोन हात नुसत्या तेलाचे, प्रत्येकामध्ये किमान २४ तास.

पट्ट्यांची कापलेली टोकं आणि पायांचे तळवे जास्त तेल पितात. पाणीही तिथूनच चढतं. प्रत्येक पाय बशीभर तेलात पंधरा मिनिटं उभा ठेवा, वाळल्यावर खाली प्लास्टिकचे तुकडे ठोका म्हणजे लाकूड जमिनीला टेकत नाही.

यातली खरी धोक्याची गोष्ट तेलाची फडकी. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि त्यात उष्णता निघते. चुरगळून ठेवलेल्या बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावताही फडकं पेट घेऊ शकतं. म्हणून काम झाल्या झाल्या प्रत्येक फडकं उलगडून बाहेर, एकावर एक न टाकता, वाळत घाला किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा. ही जबाबदारी एकाच माणसावर नावानिशी टाका. सगळ्यांची म्हटली की कोणाचीच राहत नाही.

जोडणी

तेलाचा दुसरा हात वाळला की पट्ट्या बसवायच्या. दोन पट्ट्यांमध्ये ८ मिमीची फट ठेवा, त्या जाडीचे दोन लाकडी तुकडे अडकवत गेलात तर सगळ्या फटी सारख्या येतात. ओलीत ७० मिमीची पट्टी रुंदीत एक-दोन मिलिमीटर फुगते. वाळलेल्या लाकडात फट मोठी दिसते म्हणून ती कमी करण्याचा मोह होतो, मग ओलीच्या दिवसांत पट्ट्या एकमेकींना ढकलतात आणि स्क्रू वाकवतात. याच कारणाने पट्टी चौकटीला गोंदाने चिकटवायची नसते.

कडक लाकडात ४ मिमीच्या स्क्रूसाठी चौकटीत ३ मिमीचं भोक पाडा, मऊ लाकडात अडीचचं. पट्टीतलं भोक साडेचारचं हवं, स्क्रू त्यातून सैल जायला पाहिजे, तरच तो पट्टी खाली ओढून घेतो. भोक पट्टीच्या टोकापासून निदान २५ मिमी आत, नाहीतर चीर जाते. जुनं भोक सैल झालं असेल तर गोंद लावलेली लाकडी खुंटी त्यात ठोका, दुसऱ्या दिवशी वरचं टोक कापून नवं भोक पाडा. ड्रिल एकाच्याच हातात राहू द्या, आणि शेवटचे दोन फेरे हाताने आवळा. मशीन मऊ लाकडातलं भोक कधी खाऊन टाकतं ते कळतही नाही.

तिसरा हात जोडणीनंतर. तो हाताला चिकटेनासा झाला की बसायला हरकत नाही, पण तेल आतून पुरतं घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर गादी टाकून ठेवू नका आणि गरम भांडी थेट लाकडावर ठेवू नका, वर्तुळं उमटतात. महिन्याने सगळे स्क्रू एकदा अर्धा फेरा तपासून घ्या. पुढच्या उन्हाळ्याअखेर पट्टीवर पाण्याचे चार थेंब टाका. ते गोल मण्यांसारखे उभे राहिले तर तेल अजून आहे, पसरून आत गेले तर १५० नंबर हलकाच फिरवून एक हात द्या.