रानफुलांचा वाफा: मशागतीपासून दुसऱ्या बहरापर्यंत

रानफुलांचा वाफा करताना बहुतेकांची पहिली चूक खताची असते. भाजीपाल्यासाठी किंवा गुलाबासाठी आपण जमिनीत भरपूर कुजलेले खत मिसळतो आणि तीच सवय येथेही कामी येईल असे समजतो. रानफुले मात्र माळावरच्या, उतारावरच्या हलक्या जमिनीत वाढलेली असतात. त्यांना कसदार माती मिळाली की त्यांच्याआधी गवत आणि तणच फोफावते, आणि फुलझाडे नुसती पाल्यावर जाऊन लेचीपेची होतात व पहिल्याच वाऱ्यात लोळतात. म्हणून खत अजिबात घालू नये. जागा हलक्या मातीची असली तरी चालेल, पण तेथे दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन यायला हवे. निचरा पाहण्यासाठी सुमारे ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, पाणी जिरल्यावर पुन्हा भरावा. हे दुसरे पाणी एका दिवसानंतरही खड्ड्यात उभे असेल, तर ओल सोसणाऱ्या जाती निवडाव्यात किंवा जागा बदलावी.

खरे कष्ट तण काढण्यात आहेत आणि तेथे घाई केली, तर पुढे वर्षानुवर्षे निस्तरत बसावे लागते. रानफुलांची कोवळी रोपे नाजूक असतात आणि पेरणीनंतर त्यांच्यातून तण वेचणे फार अवघड जाते, त्यामुळे जमीन आधीच स्वच्छ झाली पाहिजे. कडक उन्हाचे दिवस हाताशी असतील तर जागा खुरपून सपाट करावी, चांगली भिजवावी आणि तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून पसरावा. कागदाच्या कडा मातीत पुरून हवा आत जाणार नाही अशा बंद कराव्यात आणि तो चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. आतली माती इतकी तापते की वरच्या थरातील बहुतेक तणांचे बी मरते. हरळी आणि लव्हाळा मात्र एवढ्याने हटत नाहीत. त्यांच्या मुळ्या आणि गाठी आधीच खणून वेचून काढाव्यात, कारण मातीत राहिलेल्या एवढ्याशा तुकड्यालाही पुन्हा कोंब फुटतो. ऊन कमी असेल तेथे जमिनीला पाणी देऊन तण मुद्दाम उगवू द्यावे, ते बोटभर झाले की वरवर खुरपावे, आणि असे दोन-तीनदा करावे.

एकदा स्वच्छ झालेली जमीन पुन्हा खोल खणू नये. खालच्या थरांत तणांचे बी वर्षानुवर्षे निपचित पडून असते. माती वरखाली झाली की त्याला उजेड मिळतो आणि केलेले सगळे काम वाया जाते. दाताळ्याने वरची दोन-तीन सेंटिमीटर माती तेवढी मोकळी करावी, तीही वाफसा असताना. मूठभर माती दाबल्यावर तिचा गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा. हात चिकट झाला तर एक-दोन दिवस थांबावे.

बियाणे आपल्या हवामानात मुळातच वाढणाऱ्या जातींचे घ्यावे आणि त्यात एकवर्षायू व बहुवर्षायू अशा दोन्ही जाती असाव्यात. एका चौरस मीटरला साधारणपणे तीन ते पाच ग्रॅम मिश्रण पुरते. एवढे थोडे बी हाताने सारखे पसरत नाही, म्हणून त्यात पाच-सहा पट कोरडी, फिक्या रंगाची वाळू मिसळावी. बी कोठे पडले आणि कोठे राहिले, हे तिच्या रंगावरून लगेच दिसते. मिश्रणाचे दोन भाग करून एक भाग लांबीच्या दिशेने चालत फोकावा आणि दुसरा आडव्या दिशेने. त्यानंतर माती ओढून बी झाकण्याचा मोह टाळावा, कारण यातील अनेक बारीक बियांना उगवायला उजेड लागतो. फळी ठेवून तिच्यावर उभे राहावे, किंवा पायाने हलके दाबत जावे, म्हणजे बी मातीला चिकटून बसते. याच वेळी एकेका जातीचे चिमूटभर बी कुंडीत वेगळे पेरून नाव लिहून ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. वाफ्यात दोन पानांची रोपे दिसू लागली की फूल कोणते आणि तण कोणते, हे त्या कुंड्यांवरून ओळखता येते.

पहिले चार ते सहा आठवडे वरची माती सुकू देऊ नये. पाणी बारीक झारीने द्यावे, जोराच्या धारेने बी वाहून एका कोपऱ्यात जमते. रोपे बोटभर उंच झाली की पाणी हळूहळू कमी करावे.

पहिल्या वर्षी फुलतात त्या मुख्यतः एकवर्षायू जाती. बहुवर्षायू रोपे त्या वर्षी जमिनीलगत चार पाने धरून मुळे खोल नेत असतात, तेव्हा ती मेली असे समजून उपटू नयेत. तण त्यांच्या वर चढू लागले तर सगळा वाफा दहा ते पंधरा सेंटिमीटर उंचीवर कापावा. बहर संपल्यावर बोंडे वाळून बी गळेपर्यंत झाडांना हात लावू नये. मग कापणी करून पालापाचोळा वाफ्याबाहेर न्यावा, नाहीतर तो तेथेच कुजून जमिनीचा कस वाढवतो. मध्ये हातभर जागा उघडी राहिली तर ती भरण्याची घाई करू नये, जमिनीत बीळ करून राहणाऱ्या एकट्या मधमाश्यांना अशीच मोकळी माती लागते.