डुकरांच्या हार्मोनवर थेसिस घ्यायचाय? आधी टाईमटेबल बनवा

परभणी, उदगीरची ज्युनिअर पोरं विचारतात की एमव्हीएससीला (पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला) फिजिओलॉजी, म्हणजे शरीर कसं चालतं तो विषय, घेतलं तर डुकरावर काम करू का, घरचे काय म्हणतील. घ्या बिनधास्त, लई शिकायला मिळतं.

फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, हार्मोनचा आकडा वेळेशिवाय वाचता येत नाही. डुकरात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं, म्हणजे एका ग्रुपचं सॅम्पल सकाळी आणि दुसऱ्याचं दुपारी घेतलं तर जो फरक दिसेल तो तुमच्या ट्रीटमेंटचा का घड्याळाचा हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि अगदी लहान पिल्लांत ही लय नीट बसलेलीच नसते, ती वयानुसार येते, म्हणून सगळी जनावरं एकाच वयाची घ्या.

रक्त घ्यायला डुक्कर धरलं, फास लावला की ते किंचाळतं आणि काही मिनिटांतच कॉर्टिसॉल चढतं. माझं मत स्पष्ट आहे, सुरुवात लाळेपासून करा, कॉर्टिसॉल त्यातही मोजता येतं. दोरीला कापसाचा बोळा बांधून समोर धरला की डुक्कर स्वतःहून चघळतं, धरपकड नाही काही नाही. पण आधी काही दिवस नुसतंच शेडमधे जाऊन बसा, त्यांना तुमची सवय होऊ द्या. खाद्य दिल्या दिल्या बोळा देऊ नका, लाळेत भरडा येतो. सॅम्पल लगेच बर्फात, मग उणे २० च्या फ्रीझरला, आणि लाईट जाते तिथं बॅकअप आहे का ते आधी विचारून घ्या.

आपल्याकडचा मे महिना वेगळा. पारा ४२ च्या वर जातो, डुकराला घाम जवळपास येतच नाही, मग ते दुपारी पडून राहतं आणि गारव्याला खातं. खाण्याची वेळ सरकली की हार्मोनवरही परिणाम होऊ शकतो, म्हणून प्रत्येक सॅम्पलसोबत वेळ, शेडचं तापमान आणि शेवटचं खाद्य कधी दिलं हे लिहायचंच.

एलएच (प्रजननाचं एक हार्मोन) आणि ग्रोथ हार्मोन झटक्याझटक्यानं सुटतात, त्यांना कॅथेटर लावून दर १०-१५ मिनिटांनी रक्त लागतं, एकट्याचं काम नाही. मेलाटोनिनच्या, म्हणजे रात्री वाढणाऱ्या हार्मोनच्या, मागं तर पहिल्यांदा लागूच नका, डुकरात रात्रीची वाढ इतकी कमी असते की हार्मोन मोजायच्या साध्या किटवर ती दिसेलच असं नाही. रात्रीच्या सॅम्पलिंगचं एथिक्स कमिटीच्या (प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीच्या) अर्जात आधीच लिहा, नंतर परवानगीशिवाय घुसडता येत नाही.