लेबर रूममधल्या या चुका टाळा: तपासणीची घाई आणि ठोक्यांचा आळस

पुण्यातल्या निरनिराळ्या प्रसूतिगृहांमध्ये माझी 30 वर्षे नोकरी झाली, त्यातली शेवटची 11 परिसेविका, म्हणजे कक्षाची प्रमुख परिचारिका, म्हणून. इतक्या वर्षांनंतर नोंदतक्ता हातात घेतला की पुष्कळदा रुग्णाकडे जाण्याआधीच चूक दिसते. बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांच्या रकान्यात 136, 140, 144, 140 असे आकडे ओळीने लिहिलेले असतील, तर त्या सगळ्यांना 4 ने भाग जातो, हे पाहून घ्यावे. याचा अर्थ बहुधा इतकाच असतो की जिने ते मोजले तिने 15 सेकंद ऐकले आणि चाराने गुणून मोकळी झाली.

या गुणाकाराचा मला मनस्वी तिटकारा आहे. मोजताना एक ठोका चुकला तर उत्तर चाराने चुकते, पण ते एक वेळ चालेल. खरा तोटा असा की कळ ओसरल्यानंतर बाळाचे ठोके खाली जाऊन सावकाश वर येत असतील, तर ते त्या 15 सेकंदांत सापडतच नाहीत. कळ चालू असतानाच ऐकायला सुरुवात करावी आणि कळ संपल्यानंतर किमान अर्धा मिनिट ऐकत राहावे, म्हणजे पूर्ण एक मिनिटाचा हिशेब होतो. पहिल्या अवस्थेत, म्हणजे गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडेपर्यंत, दर 15 ते 30 मिनिटांनी आणि बाळंतीण जोर करू लागली की दर 5 मिनिटांनी हे करायचे असते. मिनिटाला 110 ते 160 ही नेहमीची मर्यादा सगळ्यांना पाठ असते. मात्र ते ठोके नक्की कोणाचे आहेत, हा प्रश्न फार थोड्यांना पडतो.

तो प्रश्न मला कायमचा शिकवला तो एका अनंत चतुर्दशीच्या रात्रीने. तेव्हा मी पेठेतल्या एका प्रसूतिगृहात होते. खिडक्या बंद करूनही ढोल-ताशांच्या आवाजाने काचा थरथरत होत्या, त्यामुळे पोटाला कान लावून ठोके ऐकायची नळी, म्हणजे फिटोस्कोप, निरुपयोगी झाला होता आणि सगळा भरवसा हातातल्या डॉपलरवर, म्हणजे ठोके मोठ्याने ऐकवून आकडा दाखवणाऱ्या यंत्रावर, होता. एक पहिलटकरीण होती, गर्भजलाची पिशवी फुटून 19 तास झालेले, गर्भाशयाचे तोंड 8 सेंटिमीटर उघडलेले, कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचा ड्रिप चालू. मी रात्रपाळीला आले तेव्हा खाटेजवळची मुलगी डॉपलरच्या आकड्याकडे बोट दाखवून म्हणाली, “सिस्टर, ठोके छान आहेत, 132.” बाईचा चेहरा लाल झाला होता आणि ओठ सुकले होते. मी सवयीने तिच्या मनगटावर बोट ठेवले, तर डॉपलरमधला प्रत्येक आवाज माझ्या बोटाखालच्या नाडीबरोबर येत होता. ते 132 ठोके आईचे होते. थर्मामीटर लावला तर 101.4 फॅरनहाइट ताप.

बाळाची पाठ हाताने चाचपून डॉपलर सरकवला तेव्हा खरे ठोके सापडले. कळ ओसरता ओसरता ते 80 च्या आसपास उतरत होते आणि वर यायला फार वेळ घेत होते. ड्रिप बंद केला, तिला डाव्या कुशीवर वळवले, डॉक्टरांना हाक मारली आणि थेट सिझेरियनला घेतले. बाळ मलूल निघाले, अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास द्यावा लागला, मग रडले. पुढचे काही दिवस ते नवजात अतिदक्षता विभागात होते आणि आईचा ताप उतरायलाही वेळ लागला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे: उजव्या हातात डॉपलर, डावा हात आईच्या मनगटावर, आणि समोर सेकंदकाटा असलेले घड्याळ. यात अवघड काही नाही, पण मोबाइल हातात असेल तर हे जमत नाही, आणि नव्या मुलींची अडचण बहुधा तीच असते.

या गोष्टीचा दुसरा भाग सकाळी उघड झाला. नोंदतक्त्यात चार वेळा आतून तपासणी केल्याचे लिहिले होते. मी दोन्ही पाळ्यांच्या लोकांना एकेक करून विचारले तेव्हा बेरीज नऊ झाली. इंटर्नने तपासले, त्याला शंका आली म्हणून दुसऱ्याने तपासले, दोन विद्यार्थिनींनी “शिकण्यासाठी” तपासले, आणि नातेवाईक दाराशी येऊन “अजून किती वेळ?” असे विचारत होते म्हणून कोणीतरी आणखी एकदा. पिशवी फुटल्यानंतर आत गेलेला प्रत्येक हात, मग तो कितीही निर्जंतुक हातमोज्यातला असो, योनिमार्गातले जंतू वर ढकलतो. सर्व काही सुरळीत असेल तर पहिल्या अवस्थेच्या जोमदार टप्प्यात दर 4 तासांनी एक तपासणी पुरते, असे जागतिक आरोग्य संघटनेची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. घाईने तोंड लवकर उघडत नाही, हे ज्याला पटत नाही त्याने या कामात येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या कक्षात खाटेशेजारी पाटी असे; हातमोजे घालण्याआधी त्यावर वेळ, नाव आणि कारण लिहावे लागे. कारण लिहायची वेळ आली की निम्मे लोक परत फिरत.

ताप आणि ठोके हे दोन वेगळे विषय आहेत, असे समजणे ही त्याच जातीची चूक आहे. बाळाचे ठोके सतत 160 च्या वर राहू लागले, तर कित्येकदा ती थर्मामीटरच्या आधी मिळालेली संसर्गाची सूचना असते. अशा वेळी आईची नाडी, ताप आणि गर्भजलाचा वास लगेच पाहावा.

गर्भजल गेले तर त्याचा रंग लिहावा. हिरवट असेल तर कळवायला आपली ड्यूटी संपण्याची वाट पाहू नये.

सीटीजीचा, म्हणजे बाळाचे ठोके आणि कळा कागदावर सतत छापणाऱ्या यंत्राचा, पट्टा बांधून निघून जाणे हा आळसाचा महागडा प्रकार आहे. यंत्रही आईची नाडी बाळाची म्हणून छापू शकते, बाई उताणी झोपली असेल तर तिच्या मोठ्या शिरेवर दाब येऊन बाळाचे ठोके बिघडू शकतात, आणि कोणी न वाचलेल्या कागदाची वळकटी कोणाच्याच उपयोगाची नसते. ज्या निरोगी बाईच्या कळा आपोआप सुरू झाल्या आहेत, तिला सतत सीटीजी लावण्याची शिफारसच नाही. तिच्याजवळ बसणारे माणूस हवे.

हात धुण्याबद्दल बोलून बोलून माझा घसा बसला आहे. साबणाने 40 ते 60 सेकंद, बांगड्या आणि अंगठी काढून. व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी 1847 मध्ये क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, हे परीक्षेत लिहिणारेच हातमोजे घातलेल्या हाताने पडदा सरकवतात आणि त्याच हाताने तपासायला वळतात.

वापरलेले साहित्य बुडवायच्या ब्लीचिंगच्या बादलीबाबत एवढेच सांगते की 1 लिटर पाण्यात 15 ग्रॅम पावडर, प्लास्टिकची बादली आणि 10 मिनिटे. रात्रभर बुडवून ठेवलेली कात्री अधिक स्वच्छ होत नाही, ती गंजते. बादलीवर वेळ लिहिलेली नसेल तर मी ते पाणी सरळ ओतून देते. त्या पाण्यातून काढलेले साहित्य निर्जंतुक झालेले नसते. ते ब्रशने घासून, वाळवून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, जायलाच हवे, 121 अंश सेल्सिअसला, कापडात गुंडाळलेले असेल तर 30 मिनिटे. गाठोड्यावरच्या खुणेच्या चिकटपट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता लागली, इतकेच कळते. ओले निघालेले गाठोडे वापरू नये, मग बाहेर कितीही घाई असो.

“अँटिबायोटिक दिले आहे ना, मग काय?” हे वाक्य मी आजही ऐकते. सुरळीत झालेल्या नैसर्गिक प्रसूतीत सरसकट अँटिबायोटिक देण्याची शिफारस नाही, आणि न धुतलेल्या हातांना तो पर्याय तर नाहीच. ब्लेडने केस काढण्याचा हट्टही सोडावा. त्याने कातडीवर बारीक जखमा होतात.

नाळेला काहीही लावू नये. तेल, हळद, पावडर, काहीच नाही; ती कोरडी आणि उघडी ठेवावी. दुसऱ्या दिवशी घरून आजी हळदीची पुडी घेऊन येतात, आणि नवी परिचारिका वाद नको म्हणून तिकडे पाठ फिरवते. मी आजींना शेजारी बसवते, लंगोट नाळेच्या खाली दुमडून कसा बांधायचा ते त्यांच्याच हातून करून घेते, आणि पुडी त्यांच्या पिशवीत परत ठेवते.