‘द ग्लास मेनाजरी’ : कर्तव्य आणि स्वातंत्र्य यांवर लिहिण्यापूर्वी नाटक कसे वाचावे

अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स यांचे ‘द ग्लास मेनाजरी’ (काचेच्या प्राण्यांचा संग्रह) हे नाटक इंग्रजी साहित्य शिकणाऱ्याच्या वाट्याला कधी ना कधी येते, आणि त्यावर लिहायला बसले की कुटुंबाचे कर्तव्य मोठे की व्यक्तीचे स्वातंत्र्य, हा प्रश्न समोर उभा राहतो. बहुतेक उत्तरे पहिल्याच परिच्छेदात निकाल देऊन मोकळी होतात: एक तर मुलगा टॉम स्वार्थी ठरतो, नाही तर आई अमँडा जाचक ठरते. श्रावणबाळाच्या गोष्टीवर वाढलेल्या वाचकाला पहिला निकाल जवळचा वाटतो, आणि त्या गोष्टीचा कंटाळा आलेला वाचक दुसऱ्याकडे झुकतो. हे दोन्ही निकाल बाजूला ठेवून वाचन सुरू करावे, कारण लेखकाने पात्रपरिचयातच ते बाद केलेले आहेत. अमँडामध्ये हसण्यासारखे जितके आहे तितकेच प्रेम आणि कीव करण्यासारखेही आहे, असे तो तिथे सांगतो. टॉम मुळात निर्दय नाही, परंतु सापळ्यातून सुटायचे तर त्याला दया बाजूला ठेवूनच वागावे लागते, असेही सांगतो. ही दोन विधाने टिपणवहीच्या पहिल्याच पानावर उतरवून घ्यावीत.

नाटक नुसत्या संवादांवरून वाचू नये. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोत आणि ३१ मार्च १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ते रंगमंचावर आले, तेव्हा पडद्यावर मजकूर आणि चित्रे दाखवण्याची लेखकाची कल्पना प्रयोगातून गाळलेली होती; वाचकांसाठीच्या आवृत्तीत ती आहे. शक्यतो तीच आवृत्ती घ्यावी आणि कंसांतील रंगसूचना संवादांइतक्याच सावकाश वाचाव्यात.

त्यानंतर सातही प्रवेशांतील पैशांचे उल्लेख एकत्र करावेत. हे काम रुक्ष वाटेल, पण या नाटकात कर्तव्य ही भावना होण्याआधी हिशेब असते, आणि तो हिशेब कुणीही लपवत नाही. काळ १९३० च्या दशकातील मंदीचा आहे आणि स्थळ सेंट लुइस शहरातील एक दाटीवाटीचे भाड्याचे घर. टॉम बुटांच्या कंपनीच्या गोदामात महिना ६५ डॉलरवर काम करतो. त्याची लाजाळू, पायाने अधू बहीण लॉरा हिला टंकलेखन शिकवण्यासाठी भरलेले ५० डॉलर वाया जातात, म्हणजे त्याच्या महिन्याच्या पगाराचा तीन चतुर्थांशाहून मोठा हिस्सा बुडतो. अमँडा टेलिफोनवरून मासिकाचे वर्गणीदार मिळवण्यासाठी ओळखीच्या बायकांची मनधरणी करते. पुढे आईच्या आग्रहावरून टॉम लॉरासाठी स्थळ म्हणून गोदामातल्या जिमला जेवायला बोलावतो आणि त्याचा पगार ८५ डॉलर असल्याचे कळते, तेव्हा संसारी माणसाचे एवढ्यात जेमतेम भागेल, असे अमँडाच म्हणते. मग ६५ डॉलरमध्ये तीन माणसे कशी जगत असतील, हे गणित तिला पाठ असणारच. तिच्या कटकटीचे वर्णन करण्याआधी हा संवाद निबंधात आणावा. कटकटीचा अर्थ त्याने बदलतो.

याच हिशेबात नाटकाचा सर्वांत टोकदार तपशील सापडतो. सहाव्या प्रवेशात टॉम जिमला सांगतो की, या महिन्यात विजेचे बिल न भरता त्याने त्या पैशांतून, घर सोडून जाता यावे म्हणून, व्यापारी जहाजांवरील खलाशांच्या संघटनेची वर्गणी भरली. सातव्या प्रवेशात, लॉराच्या आयुष्यातल्या एकमेव पाहुणचाराच्या रात्री, घरातले दिवे जातात. स्वातंत्र्य आणि कर्तव्य या दोन मोठ्या शब्दांचा झगडा इथे एकाच रकमेवर येऊन ठेपतो. ज्या निबंधात हा तपशील नसेल, तो नाटक न वाचता लिहिलेला आहे असे मी तरी समजेन.

आता प्रत्येक पात्राची मागणी वेगळी मांडावी. टॉमची सर्वांत सोपी, कारण तो ती ओरडून सांगतो: ६५ डॉलरसाठी आपण जे व्हायचे, करायचे ते सारे सोडून देत आहोत, आणि रोज सकाळी आईची हाक ऐकताना मेलेली माणसे किती भाग्यवान, असे वाटते. अमँडाची मागणी नीट वाचली तर ती त्याला कायमचे बांधून ठेवणारी नाही. चौथ्या प्रवेशात ती मुदत घालून देते: लॉराला सांभाळणारे कुणी मिळाले, तिचे स्वतःचे घर झाले की त्याने खुशाल जावे. तिची भीतीही खरी आहे. भावाच्या किंवा मेहुण्याच्या दारी, त्यांच्या बायकांची मर्जी सांभाळत दिवस काढणाऱ्या अविवाहित स्त्रिया तिने दक्षिणेत पाहिलेल्या आहेत. हे समजायला मराठी वाचकाला टीप लागू नये.

लॉराकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. तिला केवळ ओझे मानले की सगळा प्रश्न आई आणि मुलगा यांच्यापुरता उरतो. वास्तविक घरातले पहिले पलायन तिचे आहे: टंकलेखनाचा वर्ग सोडून ती हिवाळ्यात दिवसभर बागेत, संग्रहालयात, प्राणिसंग्रहालयातल्या पक्ष्यांपाशी हिंडते आणि घरी काही बोलत नाही. आपल्या काचेच्या प्राण्यांतला शिंग मोडलेला युनिकॉर्न, म्हणजे एकशिंगी घोडा, ती स्वतःच्या मर्जीने जिमला देऊन टाकते. तिला काय हवे आहे, हे आई आणि भाऊ यांच्यापैकी कुणी विचारले का, हा प्रश्न निबंधात अवश्य घ्यावा.

पळून गेलेल्या बापाची तसबीर भिंतीवर सतत हजर असते. चौथ्या प्रवेशात टॉम दारू पिऊन घरी येतो आणि एका जादूगाराची गोष्ट सांगतो: खिळे ठोकून बंद केलेल्या शवपेटीतून तो एकही खिळा न काढता बाहेर आला. असे कुणाला जमले आहे, असे टॉम विचारतो आणि उत्तर दिल्यासारखी ती तसबीर उजळते. या उत्तरावर विश्वास ठेवू नये. बापाने खिळे काढले होते, फक्त ते इतरांना टोचले. अमँडाचे मासिक आणि टॉमचे गोदाम ही त्याचीच फळे आहेत.

हे सारे आपल्याला कोण सांगते आहे, याचा विचार याच टप्प्यावर करावा. खलाशाच्या वेशात येणारा टॉम आपल्या सूत्रधारासारखा प्रेक्षकांशी बोलतो, पण तो तटस्थ नाही. तो आरोपीही आहे आणि साक्षीदारही. हे स्मृतींचे नाटक आहे, असे तोच सांगतो. म्हणून अमँडा हास्यास्पद दिसते तिथे ती तशी होती की त्याला तशी आठवते, हा प्रश्न समासात लिहून ठेवावा.

शेवटचा प्रवेश दोनदा वाचावा, कारण तिथे घाईने चूक होते. आईशी भांडण, फुटलेला ग्लास आणि घराबाहेर धाव, एवढ्यावरून टॉम त्या रात्रीच कायमचा गेला असे लिहिले जाते. त्याचे शब्द वेगळे आहेत: त्यानंतर थोड्याच दिवसांत, बुटांच्या खोक्याच्या झाकणावर कविता लिहिल्याबद्दल त्याला कामावरून काढून टाकले गेले आणि मग त्याने शहर सोडले. म्हणजे त्याच्या स्वातंत्र्यात निर्णय किती आणि नाइलाज किती, हे नाटक मुद्दाम संदिग्ध ठेवते. तो वडिलांच्याच पावलांवर गेल्याचे कबूल करतो, गावोगाव भटकतो, तरी बहिणीची आठवण त्याची पाठ सोडत नाही. तो हे बोलत असताना मागे, आवाज अडवणाऱ्या काचेपलीकडे असावी तशी अमँडा लॉराचे सांत्वन करताना दिसते, आणि तिचे बोलणे ऐकू येत नसल्यामुळे तिचा बालिशपणा गळून तिला प्रतिष्ठा येते, अशी रंगसूचना आहे. मुलगा बोलतो आणि आई निःशब्द राहून मोठी होते. या विषयावरील निबंधाचा सर्वांत मोठा परिच्छेद या सूचनेला द्यावा.

लेखकाचे चरित्र शेवटी आणावे आणि थोडक्यात आणावे. टॉम हे विल्यम्स यांचे स्वतःचे नाव होते, सेंट लुइसमध्ये त्यांनी बुटांच्या कंपनीत नोकरी केली होती, आणि १९४३ मध्ये त्यांची बहीण रोझ हिच्यावर मेंदूची शस्त्रक्रिया झाली, ज्यानंतर ती स्वतंत्रपणे जगू शकली नाही. पण त्यांचे वडील घर सोडून गेले नव्हते, ते घरातच होते. तेव्हा टॉम म्हणजे विल्यम्स असे समीकरण मांडू नये. या नाटकाच्या मानधनाचा अर्धा वाटा त्यांनी आईच्या नावे केला होता, आणि रोझच्या देखभालीचीही तजवीज केली. ही माहिती द्यायची तर चरित्र म्हणूनच द्यावी. रंगमंचावरच्या टॉमने घरी काही पाठवल्याचा उल्लेख नाटकात कुठेही नाही.